गंधाराची सरकारी मोजणी

हिंदुस्थानी संगीताचं शास्त्र गवयांनी लिहिलं, असा एक गैरसमज आपल्याकडे आहे. ते सरकारी नोकरांनी लिहिलं. हे मत माझं नव्हे, अण्णांचं. आणि अण्णा ते नुसतं मत म्हणून मांडत नसत, उताऱ्यांसकट मांडत. 'संगीतरत्नाकर' लिहिणारा शार्ङ्गदेव कोण? देवगिरीच्या सिंघण यादवाच्या पदरी हिशेब खात्याचा प्रमुख. इंग्रजी अमदानीत सप्तकातल्या २२ श्रुतींचे, म्हणजे सूक्ष्म स्वरांचे, आकडे नव्याने काढणारे कृष्णाजी बल्लाळ देवल कोण? निवृत्त डेप्युटी कलेक्टर, मुक्काम सांगली. त्यांच्या बाजूने उभे राहिलेले अर्नेस्ट क्लेमंट्स? आय. सी. एस., साताऱ्याचे जज्ज. आणि या दोघांच्या आकड्यांवर हरकत घेणारे भातखंडे?

"वकील!" अण्णा मांडीवर थाप मारत. "प्रकरण म्हटलं की विरुद्ध बाजूला वकील हवाच की."

अण्णा स्वतः मोजणी खात्यात होते. म्हणजे या परंपरेतले ते शेवटचे आणि पगाराने सर्वांत खालचे. दिवसा दोन सख्ख्या भावांच्या बांधावर उन्हात उभं राहून साखळी टाकायची आणि रात्री षड्ज ते पंचम मोजायचं, असा त्यांचा दिनक्रम. दोन्ही कामांत तंटा सारखाच असतो, म्हणायचे. फक्त स्वर कुऱ्हाड घेऊन अंगावर येत नाहीत.

मूळचे सांगलीच्या गावभागातले. बदलीवर साताऱ्याला आले आणि राजवाड्याजवळच्या आमच्या वाड्यात दोन खोल्या घेऊन राहिले. मी तेव्हा कॉलेजात होतो. एक ट्रंक, एक वळकटी आणि गोधडीत गुंडाळलेला तंबोरा, एवढंच सामान. शेजारधर्म म्हणून आई चहा घेऊन गेली, तर या गृहस्थांनी तिला पहिला प्रश्न केला, "काकू, तुमची घंटा कुठल्या पट्टीत आहे?"

"पट्टीत नाही, देव्हाऱ्यात आहे," आई म्हणाली.

अण्णांना ते उत्तर इतकं आवडलं की पुढे वर्षानुवर्षं ते मैफलीत शेजारच्या अनोळखी माणसाला ऐकवत. घंटा मात्र त्यांनी तपासलीच. दुसऱ्या दिवशी सकाळी आईची पूजा होईपर्यंत दाराशी तंबोऱ्याची एक तार छेडत उभे राहिले आणि मग गंभीरपणे म्हणाले, "धैवताच्या जवळपास आहे. पण देवाला चालत असेल तर माझी हरकत नाही."

त्यांच्या खोलीच्या खिडकीच्या चौकटीवर एक पोलादी तार ताणलेली होती. लांबी बरोबर ३६ इंच. तिच्याखाली लाकडावर पेन्सिलीने बारीक खुणा. २४ इंचांवर पंचम, २७ वर मध्यम, ३२ वर ऋषभ. पहिल्यांदा ती चौकट पाहणाऱ्याला वाटे, पोरांची उंची मोजून ठेवली आहे. घरमालकांनी विचारलंही. अण्णांनी त्यांना समोर बसवून सव्वा तास समजावलं. त्यानंतर घरमालक भाडं मागायला मुलाला पाठवू लागले.

मला जे काही समजलं ते त्या चौकटीसमोरच. तार जेवढी आखूड कराल तेवढा स्वर चढतो, आणि जे स्वर कानाला गोड लागतात त्यांचं गुणोत्तर सोप्या आकड्यांत येतं. पंचम म्हणजे षड्जाची दीडपट कंपनं. शुद्ध गंधार म्हणजे सव्वापट. षड्ज सेकंदाला २४० कंपनांचा धरला तर गंधार ३०० चा. इथपर्यंत सगळं मोजणीच्या नकाशासारखं सरळ आहे. घोटाळा पेटीने केला. पेटीत सप्तकाचे १२ सारखे वाटे घातलेले असतात, त्यामुळे तिच्यातला गंधार ३०२ च्याही थोडा वर जाऊन बसतो. तुम्हाआम्हाला तो फरक जाणवतही नाही. पण तंबोऱ्यातून झिरपणारा सव्वापटीचा गंधार आणि पेटीतला चढा गंधार एकाच वेळी कानावर पडले की अण्णांच्या कपाळावर अक्षरशः शीर उमटायची.

"अरे, सेकंदाला दोन-अडीच कंपनांचं अतिक्रमण आहे हे! शेतात कुणी असा बांध सरकवला तर खून पडतील. आणि इथे लोक वाहवा करतात!"

जमिनीची भाषा त्यांच्या जिभेवर होती आणि संगीतासाठी वेगळी भाषा शिकायची त्यांना गरज वाटली नाही. षड्ज आणि पंचम अचल स्वर, म्हणजे सरकारी जमीन; विकता येत नाही, वाटणी होत नाही. उरलेल्या पाच स्वरांत पोटहिस्से. मारवा रागात पंचम वर्ज्य, तर त्याला ते 'पडीक' म्हणत. यमनमध्ये तीव्र मध्यमाशेजारी शुद्ध मध्यम दिसला की 'यमनकल्याण' आणि 'जैमिनीकल्याण' यांतला फरक ते असा सांगत की ऐकणाऱ्याला तलाठ्याकडे जाऊन यावंसं वाटे.

आकाशवाणीने १९४० मध्ये पेटीवर बंदी घातली, हा अण्णांच्या दृष्टीने भारतीय प्रशासनाचा सुवर्णकाळ. ती बंदी १९७१ मध्ये सैल झाली. त्या वर्षातलं बाकीच्यांना बांगलादेशचं युद्ध आठवतं. अण्णांना पेटी आठवे आणि ते त्या वर्षाचं नाव घेताना आवाज खाली आणत.

आणि हा माणूस सांगलीचा! जिथे १८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केलं, जिथे नाट्यपद म्हणजे पायपेटी हे समीकरण आजोबापणजोबांपासून चालत आलेलं, त्या गावात पेटीला नावं ठेवायची म्हणजे गणपतीच्या देवळात उभं राहून मोदकाला नावं ठेवण्यातला प्रकार. भावे नाट्यमंदिरात एका जुन्या संगीत नाटकाच्या प्रयोगाला अण्णा पहिल्या रांगेत बसले आणि नांदी संपताच उठून मागच्या रांगेत गेले. पहिल्या अंकानंतर त्याहून मागे. तिसऱ्या अंकाला ते बाहेर पानवाल्याजवळ उभे होते. "इथून गंधार बरोबर येतो," म्हणाले. "अंतराने कंपनं कमी होतात का?" मी विचारलं. "नाही रे, ऐकू कमी येतं."

अण्णांचं खरं दैवत मात्र देवल-क्लेमंट्स ही जोडी. देवल म्हटलं की सांगलीकर थेट 'शारदा'वर जातात. अण्णा हात वर करून थांबवत, "ते गोविंद बल्लाळ. आपण कृष्णाजी बल्लाळांबद्दल बोलतोय." या कृष्णाजीपंतांनी निवृत्तीनंतर बाग केली नाही, काशीयात्रा केली नाही, जावयाला सल्ले दिले नाहीत. भरताने सांगितलेल्या २२ श्रुती नेमक्या कुठे आहेत, हे तारेवर मोजायला ते बसले. मोजायला नुसती तार पुरत नाही, गळा लागतो. तो गळा मिळाला अब्दुल करीम खाँसाहेबांचा. कैराण्यात जन्मलेला आणि मिरजेत रमलेला, सुरासाठी वेडा झालेला माणूस. खाँसाहेबांनी स्वर लावायचा आणि डेप्युटी कलेक्टरांनी मोजायचा. १९१० मध्ये देवलांचं २२ श्रुतींवरचं इंग्रजी पुस्तक निघालं. १९१३ मध्ये क्लेमंट्ससाहेबांनी हिंदुस्थानी संगीताच्या अभ्यासाची ओळख करून देणारं आपलं पुस्तक काढलं. दोघांनी 'फिलहार्मोनिक सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया' नावाची एक संस्थाही उभी केली. नाव ऐकून वाटतं, शंभर व्हायोलिनं असतील. अण्णा हिशेब देत, "एक जज्ज, एक पेन्शनर, एक खाँसाहेब. कोरम पुरा."

या मंडळींनी श्रुतींची पेटी बनवून घेतली, तीही लंडनच्या मूर अँड मूर कंपनीकडून. ज्या वाद्याने हिंदुस्थानचे कान बिघडवले त्याच वाद्याकडून ते दुरुस्त करून घ्यायचे, हा बेत अण्णांना फार उमदा वाटे. 'अतिक्रमण करणाऱ्यालाच हद्दीचे दगड रोवायला लावायचे!' १९१६ मध्ये सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने बडोद्याला पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली, तिथे श्रुतींचा हा विषय निघाला आणि मतभेद व्हायचे ते झाले. भातखंड्यांना १२ स्वरांवर आपली पद्धती उभी करायची होती. एवढ्या बारीक वाटण्या प्रत्यक्ष गाण्याला बांधून घालायला ते तयार नव्हते. इतिहासाने कौल भातखंड्यांना दिला. आज दहा थाट शाळेतल्या पोरालाही पाठ असतात आणि देवलांचं नाव काढलं की विचारतात, सर्कसवाले का?

"शार्ङ्गदेवाचं बघ," अण्णा एकदा अजिंक्यताऱ्याच्या चढावर दम खात म्हणाले. "दोन वीणा घे म्हणतो, प्रत्येकीला २२ तारा लाव म्हणतो, आणि प्रत्येक तार आधीच्या तारेहून किंचित चढी ठेव म्हणतो. मधे दुसरा ध्वनी मावता कामा नये. किंचित म्हणजे किती? आकडा नाही! हिशेब खात्याचा मुख्य माणूस, आणि आकडा नाही! आमच्या ऑडिटमध्ये सापडला असता तर पेन्शन अडकली असती त्याची."

साताऱ्यात असताना अण्णांना एकच ध्यास होता. क्लेमंट्ससाहेब ज्या शहरात न्याय द्यायचे तिथे त्यांची काहीतरी खूण सापडलीच पाहिजे. एका दुपारी मला घेऊन ते एका जुन्या सरकारी इमारतीत शिरले आणि व्हरांड्यात स्टुलावर बसलेल्या शिपायाला म्हणाले, "क्लेमंट्ससाहेबांबद्दल जरा माहिती हवी होती."

"कुठल्या टेबलाचं?" शिपाई.

"टेबल नाही. जज्ज होते इथे."

शिपायाने डोकं खाजवलं. "त्यांची बदली झाली की."

"कधी?"

"झाली की मागंच."

अण्णा बाहेर येऊन मला म्हणाले, "बघ, नोंद आहे." त्यांना एवढ्यावरही समाधान वाटलं. जुन्या दप्तरात काही मिळेल म्हणून त्यांनी रीतसर अर्जही केला होता. त्याचं उत्तर आलं, 'संबंधित व्यक्तीने स्वतः उपस्थित राहावे.'

त्यांच्या स्वतःच्या कचेरीतही गंमत होती. औंधला आश्विन वद्य पंचमीला संगीत उत्सव असतो. शिवानंदस्वामींच्या स्मरणार्थ अंतुबुवा आणि गजाननबुवा जोशी यांनी १९४० मध्ये सुरू केलेला. रात्रभर जमिनीवर बसून गाणं ऐकायचं आणि पहाटे यमाईच्या डोंगराकडे बघत चहा घ्यायचा. अण्णांना खोटं कारण देऊन रजा मागणं जमत नसे. त्यांनी अर्जात लिहिलं, 'औंध येथे कोमल ऋषभाची पाहणी करणेकामी'. साहेबांना वाटलं, ऋषभ हा कोणी खातेदार असावा. त्यांनी रजेऐवजी दौराच मंजूर केला. परत आल्यावर अण्णांनी प्रामाणिकपणे अहवाल दिला की ऋषभ जागेवर आढळला, मात्र उत्तररात्री थोडा खाली सरकला. त्यावर शेरा पडला, 'संबंधितास नोटीस द्यावी.'

अण्णांच्या लग्नाची गोष्ट मी वहिनींकडून ऐकली आहे आणि खुद्द त्यांच्याकडूनही. दोघांच्या सांगण्यात फरक एवढाच की वहिनी पोह्यांपासून सुरू करत आणि अण्णा षड्जापासून. मुलगी मिरजेची. बघण्याचा कार्यक्रम ब्राह्मणपुरीतल्या माडीवर. त्या काळी मुलीला गायला सांगत. मामांनी पेटी उघडली, मुलीने भीमपलास धरला. दोन आलाप झाले आणि नवरा मुलगा उठून उभा राहिला.

"थांबा. कुणीतरी एक बेसूर आहे."

माडीवर सन्नाटा. मुलीच्या आईच्या डोळ्यांत पाणी आलं. अण्णा पुढे झाले, मामांच्या हातातून पेटीचा भाता अलगद काढून घेतला, तो मिटला आणि म्हणाले, "पेटी. मुलगी बरोबर आहे. गा तुम्ही." वहिनी नुसत्या तंबोऱ्यावर गायल्या. पुढे त्या म्हणत, "आधीचे तीन माझा रंग बघून गेले, एक उंची बघून गेला. हा पहिला, ज्याने दोष पेटीला दिला. मी म्हटलं, हाच." मामा मात्र लग्नाला आले नाहीत.

श्रुतींची २२ नावं अण्णांना संध्येच्या चोवीस नावांआधी पाठ होती. तीव्रा, कुमुद्वती, मंदा, छंदोवती अशी ती सुरू होतात आणि उग्रा, क्षोभिणी इथे संपतात. मधे गंधाराच्या वाट्याला रौद्री आणि क्रोधा या दोघी येतात. घरातलं वातावरण ते याच नावांनी सांगत. मी दाराशी आलो की कधी म्हणत, "ये, आज प्रीती आहे, चहा मिळेल." कधी नुसतीच मान हलवत, "रौद्री. उद्या ये." एकदा दार वहिनींनीच उघडलं आणि मी काही विचारायच्या आत म्हणाल्या, "त्यांना सांगा, क्षोभिणी आहे आणि गॅस संपलाय."

गॅस संपण्याचं कारण ती पेटी होती. सांगलीला परत बदली झाल्यावर अण्णांनी एका बंद पडलेल्या नाटक मंडळीची पायपेटी भंगारातून उचलली आणि तिच्यात २२ श्रुती बसवायचं मनावर घेतलं. पेटीच्या पितळी सुराची जीभ टोकाशी घासली की स्वर चढतो आणि बुडाशी घासली की उतरतो. हे कळायला एक संध्याकाळ पुरते, हाताला जमायला हयात जाते. अण्णांनी दाढीची पाती, मिरजेच्या सतारमेकरांकडून मागून आणलेली कानस आणि वहिनींची सांडशी, एवढ्यावर काम चालवलं. मध्यरात्री 'खर्रर्र' आवाज, मग भाता, मग 'पेंऽऽ', मग पुन्हा 'खर्रर्र'. शेजारच्यांनी आधी तक्रार केली, मग सवय करून घेतली. अण्णा दौऱ्यावर गेले की त्यांना झोप येईना. पगार पितळेत गेला आणि तीन महिने स्वयंपाक स्टोव्हवर झाला.

पेटी एकदाची तयार झाली. तपासायला एका भजनी मंडळाचे पेटीमास्तर बोलावले. त्यांनी टोपी काढून ठेवली, एका सप्तकात दाटीवाटीने बसवलेल्या त्या पट्ट्या डावीकडून उजवीकडे पाहिल्या, मग उजवीकडून डावीकडे पाहिल्या. बोटं मोजली.

"अण्णा, ह्याला दोघं लागतील. आन् दोघांचं पटाय पायजे."

अण्णा मागे हटले नाहीत. शास्त्र चूक नाही, बोटं कमी आहेत, एवढंच त्यांचं म्हणणं. पुढे मुंबईकडच्या डॉ. विद्याधर ओकांनी २२ श्रुतींची पेटी केली आणि ती वाजतेही, हे ऐकल्यावर त्यांना आनंद झाला. पण लगेच विचारलं, "डॉक्टर म्हणजे कसले? औषधाचे? म्हणजे खातं बदललं म्हणायचं."

तंबोऱ्याच्या प्रवासाचं एक सांगितलंच पाहिजे. मिरज हे तंबोऱ्याचं माहेर. शस्त्रं घडवणाऱ्या शिकलगारांच्या घराण्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात वाद्यं करायला घेतली, आणि पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या भोपळ्यांना जन्माचं सार्थक लाभलं. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. अण्णा दर दोन-तीन वर्षांनी साताऱ्याहून तंबोरा जवारी काढायला, म्हणजे तारांचा झणकार नीट करून घ्यायला, मिरजेला न्यायचे, एस.टी.ने. रेल्वेचा धक्का भोपळ्याला सोसत नाही, हा त्यांचा सिद्धान्त. एस.टी.चा धक्का कसा सोसतो, हे विचारायची सोय नव्हती.

कंडक्टर म्हणाला, "लगेज लावा."

"लगेज नाही. फुल तिकीट द्या. शेजारी बसेल."

कंडक्टरने दोन फुल तिकिटं फाडली. कराडला एक म्हातारी चढली. गाडीत जागा नव्हती, आणि खिडकीशी गोधडी पांघरून तंबोरा आरामात बसलेला.

"आज्जी, त्याचं तिकीट आहे," अण्णा ओशाळून म्हणाले.

म्हातारीने गोधडीकडे निरखून पाहिलं. "आजारी हाय व्हय?"

"जवारी बिघडलीय."

"असंल. पर त्याला म्हनावं, जरा मांडीवर बस."

पेठ नाक्यापर्यंत तंबोरा अण्णांच्या मांडीवर होता आणि म्हातारी दर खड्ड्याला त्याच्या डोक्यावरून, म्हणजे खुंट्यांवरून, हात फिरवत होती.

मिरजेला गेलं की दर्ग्याची फेरी चुकत नसे. खाँसाहेब १९३७ मध्ये पाँडिचेरीच्या वाटेवर सिंगापेरुमल कोइल स्टेशनावर गेले, आणि त्यांना मिरजेला ख्वाजा शमना मीरांच्या दर्ग्यात आणून दफन केलं. उरुसात तिथे गाणाऱ्यांची रांग लागते. अण्णा चिंचेखाली एका कोपऱ्यात बसायचे, मांडीवर वही. ही वही म्हणजे कचेरीतली जुनी मोजणी वही, बाहेर छापील शिक्का, आत रकाने. 'गट नंबर'च्या रकान्यात रागाचं नाव. 'कब्जेदार'मध्ये गवयाचं. 'क्षेत्र'मध्ये आकडे. 'शेरा' मात्र स्वच्छ मराठीत: 'गंधार उत्तम. निषाद कर्जबाजारी.' खाँसाहेबांच्या टिपू नावाच्या कुत्र्याची आख्यायिका जुने लोक सांगत, की तो शिकवलेला स्वर लावायचा. त्या कुत्र्याचीही नोंद वहीत होती. क्षेत्राचा रकाना कोरा, शेरा: 'ऐकीव. तरी कित्येकांहून बरा असावा.'

हे सगळं विनोदाने सांगतोय, पण त्या वहीमागे खरी मेहनत होती. अण्णांनी भरताची दोन वीणांची कृती स्वतः करून पाहिली. विलिंग्डन कॉलेजातल्या ग. ह. रानड्यांचं, भौतिकशास्त्राच्या अंगाने संगीताकडे पाहणारं पुस्तक त्यांनी इतकं वाचलं होतं की त्याला तीनदा नवी बांधणी करावी लागली. आणि एक दिवस त्यांच्या हाती लंडनला १९६३ मध्ये छापलेला एक निबंध लागला. नझीर जयराजभॉय आणि त्यांचे सहकारी स्टोन यांनी तेव्हाच्या गायक-वादकांचे स्वर यंत्रावर मोजले होते. निष्कर्ष असा की एकाच रागातला एकच स्वर वेगवेगळे कलावंत वेगवेगळ्या जागी लावतात, इतकंच काय, एकच कलावंतही तो दरवेळी त्याच जागी लावत नाही.

अण्णा त्या आठवड्यात फार कुणाशी बोलले नाहीत. देवलांचा पराभव बडोद्याला झाला तेव्हा निदान समोर वकील होता. इथे साक्षीदारच फिरला होता. मी भेटायला गेलो तर चौकटीवरच्या तारेकडे बघत बसलेले. वहिनींनी आतून हळूच खूण केली, बोलवा त्यांना.

मी म्हटलं, "अण्णा, दरबारीचा गंधार घ्या. तो तर झुलतोच. त्याला कुठे मोजायचं?"

बराच वेळ गप्प राहिले. मग एकदम त्यांच्या डोळ्यांत चमक आली. "अरे, ताबा आणि वहिवाट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत! हद्दीचा दगड एका जागी असतो, मान्य. पण माणूस शेतात रोज त्याच पाऊलवाटेने जातो का? देवलांनी दगड शोधले. गवई करतो ती वहिवाट. दोन्ही खरं!" आणि उठून त्यांनी वहीत एक नवा रकाना आखला: 'वहिवाट'. त्यात आकडे नव्हते. 'पहाटे खालून', 'भीतभीत', 'आईच्या आठवणीने' असल्या नोंदी होत्या. माझ्या मते अण्णांनी आयुष्यभर केलेल्या शास्त्रात तेवढा एकच रकाना वाचण्यासारखा आहे. त्यांना हे सांगितलं असतं तर त्यांनी माझ्याशी बोलणं टाकलं असतं.

पुराच्या वेळी मात्र ते पुन्हा पूर्णांकांवर आले. सांगलीत पावसाळ्यात गुड मॉर्निंगऐवजी 'पाणी किती फुटांवर?' विचारतात. आयर्विन पुलाजवळ ४५ फूट ही धोक्याची पातळी. २०१९ च्या ऑगस्टात पाणी ४५ वर आलं तेव्हा सगळा गावभाग सामान माळ्यावर टाकत होता आणि अण्णा जिन्यात उभे राहून म्हणत होते, "पंचेचाळीस! पंचेचाळीस बत्तीसांश म्हणजे तीव्र मध्यम!"

"अण्णा, तीव्र काय घेऊन बसलाय, पाणी चौकात आलंय," शेजारचा पोरगा ओरडला.

तंबोरा आधी वर गेला, मग पायपेटी, मग वहिनी, मग धान्य. पेटी उचलायला चौघं लागले आणि चौघांनीही तिला शिव्या घातल्या. एकाच पट्टीत, असं अण्णांचं म्हणणं. पाणी चढतच राहिलं. पन्नास झाले. मग ते ५७ फुटांच्याही वर गेलं. अण्णांनी कागद घेतला, आकडेमोड केली, पुन्हा केली. सत्तावन्नाला कुठलाच स्वर बसेना. तेव्हा त्यांना पहिल्यांदा पुराची भीती वाटली आणि ते मुकाट्याने बोटीत बसले.

पूर ओसरला, अण्णा त्यानंतर फार वर्षं राहिले नाहीत. ती पायपेटी भावकीत कुणाला नको होती. शेवटी एका शाळेने प्रयोगशाळेत ठेवायला नेली आणि दुसऱ्याच आठवड्यात 'वाजवू नये' अशी पाटी लावली. तंबोरा वहिनींकडे आहे. वह्या, एकूण सतरा, त्यांच्या मुलाने एका वाचनालयाला दिल्या. ग्रंथपालबाईंनी वेष्टनावरचा शिक्का आणि 'मोजणी वही' ही अक्षरं पाहिली आणि त्या 'जमीन महसूल' विभागात, कपाट नंबर नऊमध्ये लावल्या. मुलगा बदलून घ्या म्हणायला निघाला होता. वहिनी म्हणाल्या, "राहू दे. त्यांना तिथेच बरं वाटेल."

मध्यंतरी मी तिथे गेलो तेव्हा सहज देवघेवीची पाटी पाहिली. सतरापैकी एक वही बाहेर गेली होती. तलाठी भरतीच्या परीक्षेला बसलेल्या एका मुलाने नेली होती आणि चौथ्या दिवशी परत केली होती. आत शेवटच्या पानावर त्याने बारीक अक्षरांत लिहिलंय, 'आकडे भरपूर आहेत, पण गुंठे कुठेच काढलेले नाहीत.'